सन्माननीय फँटमसाहेब, आम्ही जागेच आहोत

रा. रा. फँटमसाहेब,
मु. पो. रात्रीचे आकाश, ओव्हरवर्ल्ड, माइनक्राफ्ट
यांसी कृ. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला अंमळ उशीरच झाला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी आपण निवडून आलात आणि अभिनंदन आत्ता करते आहे. पण साहेब, आपली भेट होते तेव्हा आपण वरून येता, तेही साथीदार घेऊन, आणि अशा प्रसंगी हार घालायला माणसाचा हात मोकळा नसतो. तेव्हा राहून गेलेले आभार एकदाचे लेखी मानून टाकावेत म्हटले.

पत्र खुले आहे, म्हणजे चार लोक वाचणार. त्यांतल्या काहींना आपली ओळख नसेल (असे भाग्यवान अजून आहेत), म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. माइनक्राफ्ट हे ठोकळ्यांचे जग. खणा, रचा, शेती करा, रात्री राक्षसांपासून जीव वाचवा. खेळ स्टॉकहोमच्या मोजँग कंपनीचा, आणि २०१४ पासून मोजँग मायक्रोसॉफ्टची. २०१७ मध्ये कंपनीच्या मनात आले की खेळात नवा प्राणी कोणता आणायचा हे लोकांनाच विचारावे. चार उमेदवार उभे केले, कार्यक्रम थेट दाखवला, ट्विटरवर मतदान घेतले. जिंकेल तो खेळात, उरलेले घरी. आमच्याकडे तेव्हा रात्र झालेली होती. जागरण करून, घरच्यांची नजर चुकवून, न झोपणाऱ्यांवर तुटून पडणाऱ्या उमेदवाराला मत द्यायचे, याला मन मोठे लागते.

आपला प्रचार मात्र सचोटीचा, हे मान्य केलेच पाहिजे. निवडून आल्यावर मतदारांनाच ओरबाडणारे प्रतिनिधी आम्ही पुष्कळ पाहिले. तसे जाहीरनाम्यात आधी सांगून मते मागणारे आपण पहिलेच. झोपणार नाही त्याच्यावर झडप घालीन, असा वायदा होता. तो आपण तंतोतंत पाळलात. इतका की कधी नव्हे ते एखाद्याने शब्द पाळल्याचे वाईट वाटले.

आणि हिशेब किती चोख! खेळातला एक दिवस म्हणजे खरी वीस मिनिटे. तसे तीन दिवस अंथरुणाला पाठ लागली नाही, म्हणजे खरा एक तास झाला, की रात्री डोक्यावर किंचाळी ठरलेली. खाते प्रत्येकाचे वेगळे. शेजारचा झोपला म्हणून मला सवलत नाही. सवलत दोघांनाच: जो झोपला त्याला, आणि जो मेला त्याला. मेलेल्या माणसाचा हिशेब आपण पुन्हा शून्यापासून मांडता. एवढे औदार्य कुठल्या सावकाराने दाखवले आहे?

जागे राहते कोण, हा विचार आपण केलात याबद्दल विशेष ऋणी आहे. आळशी माणूस सूर्य कलला की पलंगावर. जागा राहतो तो खाणीत उतरलेला, ज्याला वर रात्र झाल्याचा पत्ताही नसतो. जागा राहतो घरापासून लांब गेलेला प्रवासी. वाटेत नव्या पलंगावर झोपले तर मेल्यानंतर जिवंत होण्याचे ठिकाणच बदलते, म्हणून तो बिचारा झोप टाळतो. आणि जागा राहतो तो बांधकाम करणारा. म्हणजे या जगात ज्यांना कामे आहेत तेवढेच नेमके वेचून आपण त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालता. उनाडांना आपल्यापासून काडीचा त्रास नाही.

मी त्या तिसऱ्या जातीतली. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा नाद वय वाढले तरी सुटला नाही, म्हणून भाच्याच्या सर्व्हरवर राजगडाची सुवेळा माची रचायला घेतली. खाली दरी, वर दगडी विटांची तटबंदी, आणि कठड्याची शेवटची ओळ राहिलेली. कडेवर वाकून उभे राहिले तर पाऊल घसरत नाही, ही या खेळातली मोठी सोय. पण ही सोय आपापल्या पावलांपुरती. पाठीमागून धक्का बसला तर ती कुठे पुरणार? डोक्यावर ती आपली हिरव्या डोळ्यांची जोडी दिसली, किंचाळी ऐकू आली, आणि पुढच्या क्षणी मी गड उतरले. पायऱ्यांनी नव्हे. दरीच्या तळाशी विटांचे गठ्ठे, हिऱ्याची कुदळ आणि भाजलेले बटाटे पसरले होते. पडलेले सामान पाच मिनिटांत उचलले नाही तर नाहीसे होते, आणि मी जिवंत झाले ती माचीच्या पार दुसऱ्या टोकाला. हेडफोनमधून भाच्याचा शांत आवाज आला, “मावशी, तू झोपली नव्हतीस ना?” माझ्या झोपेची एवढ्या आस्थेने चौकशी घरात आजवर कुणी केली नव्हती. तीही आपल्यामुळे झाली.

आपल्या रोजगार हमीबद्दल तर किती लिहावे! एलिट्रा नावाचे पंख या खेळातली सर्वात हौसेची वस्तू. जगाच्या पार शेवटच्या टोकाला, हवेत तरंगणाऱ्या जहाजात मिळतात. ते फाटले की पूर्वी गाईच्या कातड्याने सांधता येत. आपण आलात आणि कातडे बाद झाले. आता पंख दुरुस्त करायला आपल्याच अंगाचा पापुद्रा लागतो, आणि एक पापुद्रा पंखांचा जेमतेम पाव हिस्सा सांधतो. म्हणजे ज्याला आकाशात उडायचे आहे त्याने आधी आपली वाट बघत मुद्दाम जागायचे. उपद्रव आपला, त्यावरचा माल आपलाच, आणि दुकानही एकच. धंद्याची अशी बसवणूक फार थोड्यांना जमते.

मांजरांच्या वतीनेही आभार. मांजर जवळ असले की आपण फिरकत नाही, हे कळल्यापासून गावोगावची भटकी मांजरे फुकटचे मासे खाऊन घराघरांत बसली आहेत.

मग डिसेंबर २०१९ चे अपडेट आले. त्यात मधमाश्या आल्या. त्यांनी मते मागितली नव्हती, कुणाला हरवले नव्हते; आल्या, आणि लोकांनी डोक्यावर घेतल्या. त्याच अपडेटात आपल्याला बंद करायची कळही आली. सर्व्हर चालवणाऱ्याने एक ओळ टाइप केली की जागरण माफ, आकाश मोकळे. जनतेने निवडलेल्या प्रतिनिधीसाठीच अशी कळ लागावी, हा मान आपल्यानंतरच्या एकाही विजेत्याला मिळाला नाही. (आमच्या सर्व्हरवर ती वापरलेली नाही. भाच्याचे म्हणणे, खेळात थोडी भीती हवी. हा मुलगा माचीवर कधी काम करत नाही.)

असो. आपल्याबद्दल बोलता बोलता आपण ज्यांना हरवलेत त्यांचा विसर पडायला नको. खोल समुद्रातला एक राक्षस होता. समोर येईल ते गिळणारी एक भूक होती. आणि ज्वाळांचे कवच फिरवणारा एक आगीचा सरदार होता. आपल्याकडे मते वळली म्हणून ते गेले. त्यांतल्या सरदाराला पुढे माइनक्राफ्ट डंजन्स या धाकट्या भावंडाच्या खेळात नोकरी लागली म्हणतात. बाकीच्या दोघांचे काय झाले ते आपण विचारले नसेलच. विजयी उमेदवाराला तेवढी सवड नसते.

आपण घालून दिलेला पायंडा मात्र पुढे चांगला चालला. २०२० मध्ये तीन उमेदवार: अंगावर पिवळी फुले फुललेली गाय, म्हणजे मूब्लूम, डोक्यावर बर्फाचे ठोकळे पाडणारा आइसोलॉजर, आणि चमकणारा ग्लो स्क्विड. लाखो अनुयायी असलेल्या एका यूट्यूबरने स्क्विडची तळी उचलली, आणि स्क्विड आला. त्याच्याकडे बोट दाखवून आपण निश्चिंत राहू शकता, कारण तो चमकतो पण उजेड पाडत नाही. अंधारी गुहा त्याच्या असण्याने तसूभरही उजळत नाही. त्याची शाई फलकाला लावली की अक्षरे चकाकतात, एवढीच काय ती कामगिरी. हरलेल्या गाईचे नशीब पाहा: ती माइनक्राफ्ट अर्थ नावाच्या मोबाइलच्या खेळात आधीपासून चरत होती, तर पुढच्या जूनमध्ये तो खेळच बंद झाला. एका वर्षात निवडणूकही गेली आणि कुरणही.

२०२२ मध्ये निवडून आला स्निफर, नामशेष झालेला भला थोरला केसाळ प्राणी. तो माती हुंगून जुन्या काळचे बी उकरून काढतो. त्या बियाचे झाड होते टॉर्चफ्लॉवर, हुबेहूब मशालीसारखे. त्याचाही उजेड पडत नाही. दोन वर्षांच्या अंतराने दोन दिवे, आणि दोन्ही विझलेले. मतदार म्हणून आमची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे. त्या साली हरलेला रास्कल गुहेत लपाछपी खेळायचा आणि त्याला तीनदा हुडकले की बक्षीस द्यायचा. हरल्यापासून तो लपला तो लपलाच.

पण मला सांगायचे आहे ते २०२१ च्या कॉपर गोलेमबद्दल. साहेब, आपण त्याला पाहिले नसेल, आपली नजर नेहमी वरून खाली असते. हा गुडघ्याएवढा, तांब्याचा, डोक्यावर एक दांडी, आणि उद्योग काय, तर तांब्याची बटणे दिसली की दाबत सुटायचे. बाकी काही नाही. कशासाठी दाबतो, कुणासाठी दाबतो, विचारू नका. हळूहळू अंगावर हिरवा थर चढायचा, हालचाल मंदावायची, आणि शेवटी उभ्या जागी पुतळा व्हायचा. आमच्याकडे कुणी चिंच लावून घासला असता. तिथे कुऱ्हाडीने खरवडायचा. एवढ्या मिनिटभराच्या ओळखीवर लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. तरीही जिंकला अलाय, निळा, पंखवाला, सांडलेल्या वस्तू गोळा करून आणून देणारा. अलायविरुद्ध माझी तक्रार नाही, गुणी पोर आहे. पण एकाला आणण्यासाठी दुसऱ्याला डोळ्यांदेखत गोठवून ठेवायची गरज काय होती, हे मला कोणत्याही अपडेटाने समजावलेले नाही.

खुबी तिथेच होती ना, साहेब? आपले आश्रयदाते हुशार. तीन प्राणी दाखवायचे, तिघांची गोड छोटी फिल्म करायची, आणि मग म्हणायचे, आता यांतले दोन कुठले नकोत ते तुम्ही सांगा. २०१४ मध्ये अडीच अब्ज डॉलर मोजून घेतलेली कंपनी, आणि तिच्याकडे तीन प्राण्यांपुरते पैसे नाहीत का, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत अलायवाले गोलेमवाल्यांच्या अंगावर धावून गेलेले असत. घराघरांत भावंडे अबोला धरत. मालकाला जाब विचारायचे सोडून आम्ही एकमेकांना गद्दार म्हणत होतो, आणि मालक मतदानाचे आकडे जाहीर करत होता.

न्यायाने बोलायचे तर एक प्राणी बनवणे सोपे नसते. खेळाच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या आहेत, दोन्हींत तो सारखाच वागला पाहिजे, जुन्या शेकडो गोष्टींशी त्याचे जमले पाहिजे. हौशी लोक चार दिवसांत एखादा प्राणी बनवून दाखवतात तेव्हा त्यांना यातले काही सांभाळावे लागत नाही. कमी प्राणी आणण्याचे हे कारण मला पटते. पण जेवढे आणायचे तेवढेच दाखवावेत, एवढे तरी जमायला हरकत नव्हती. ताट वाढून आणायचे आणि दोन वाट्या उचलून न्यायच्या, याला पाहुणचार म्हणत नाहीत.

२०२३ मध्ये मतदारही वैतागले. आर्माडिलो, खेकडा आणि पेंग्विन असा सामना होता, आणि मतदान सुरू होण्याआधीच हे मतदानच बंद करा अशा अर्जावर लाखो सह्या पडल्या. जुन्या क्रांतीच्या धाटणीची भित्तिचित्रे निघाली. त्यात आवाहन एकच: आपसांत भांडू नका, तिघेही मागा. मग मतदान सुरू झाले, आणि क्रांतिकारक रांगेत उभे राहून मत देऊन आले. मीही दिले, खेकड्याला. त्याची नांगी हातात घेतली की लांबवर ठोकळा ठेवता येणार होता. माचीवरून वाकून दरीत डोकावण्याचे काम ज्याला करावे लागते, त्यालाच त्या नांगीचे मोल कळेल. जिंकला आर्माडिलो. त्याच्या खवल्यांपासून पाळीव लांडग्याला चिलखत होते, हे चांगलेच आहे. फक्त त्याला निम्मीही मते नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना दुसरेच कुणी हवे होते. आपल्या पंक्तीत शोभणारा विजय.

हरलेल्यांची मात्र आपण काळजी करू नये. हौशी मंडळींनी ‘फ्रेंड्स अँड फोज’ नावाचा मॉड काढला आहे. त्यात फुलवाली गाय आहे, आइसोलॉजर आहे, रास्कल आहे, काळोख झाला की फुरंगटून बसणारा ग्लेअर आहे, आणि आपण हरवलेला आगीचा सरदारही आहे. कुणीही मत न देता सगळे एका गावात नांदतात. आपल्याला तिथे बोलावणे आले नसेल. गैरसमज नसावा, ती सोय फक्त पराभूतांसाठी आहे.

आणि आता ती बातमी, जिच्यासाठी खरे तर हे पत्र. सप्टेंबर २०२४ मध्ये मोजँगने जाहीर केले की ही मतदाने यापुढे नाहीत. वर्षाकाठी एक मोठे अपडेट काढण्याऐवजी छोटी छोटी अपडेटे काढू, आणि काय आणायचे ते आम्हीच ठरवू. लोकशाही गेल्याचा एवढा आनंद जगात क्वचित कुठे झाला असेल. आपल्याला मात्र दुहेरी शुभेच्छा. निवडणुकाच बंद झाल्या, म्हणजे आपल्याला पाडणारही कुणी उरले नाही. पहिल्या निवडणुकीत आलात आणि आता तहहयात.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, ती आपल्या कानावर घालते. कॉपर गोलेम परत आला. मते नाहीत, प्रचार नाही, कुणाला हरवणे नाही. ‘कॉपर एज’ नावाच्या छोट्या अपडेटात सरळ आत आला. तांब्याचा ठोकळा घ्यायचा, वर कोरलेला भोपळा ठेवायचा, की उभा राहतो. बटणे दाबायचे सोडून त्याने आता काम धरले आहे. तांब्याच्या पेटीत टाकलेल्या वस्तू उचलतो आणि ज्याची त्याची पेटी हुडकून तिच्यात ठेवतो. सुवेळा माचीखालच्या कोठारात मी एक ठेवला आहे. विटा विटांत, बटाटे बटाट्यांत. पुतळा होऊ नये म्हणून भाच्याने त्याला मधाच्या पोळ्याचे मेण चोळले आहे. चार वर्षे हरलेला उमेदवार माझ्या घरी येऊन राबतो, आणि निवडून आलेले आपण अजून छपरावर.

तेव्हा मागणे थोडकेच. माचीचा शेवटचा बुरूज राहिला आहे. तो होईपर्यंत आपण एखाद्या दूरच्या मतदारसंघाचा दौरा काढावा. आपल्या ओळखीने खेकड्याचे कुठे काही जमले तर पाहावे. वर आपला शब्द चालत असेल. आणि पत्रोत्तर जरूर द्यावे. फक्त ते टपालाने न धाडता स्वतः घेऊन यावे, आणि भर दुपारी बाराच्या सुमारास यावे. उन्हात आपण पेट घेता असे ऐकून आहे. स्वागताला मी पटांगणात उभी राहीन.

आपली नम्र,
एक मतदार

ता. क. येताना एखादा पापुद्रा अंगावर असू द्यावा. पंख पुन्हा फाटले आहेत.